कचरूअण्णांचं मौन

आपण मौन धरलेलं आहे, ही गोष्ट कचरूअण्णांना दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना कळली.

"कधी धरलं?" गालाचा साबण तसाच ठेवून त्यांनी विचारलं.

"काल सांजच्याला," नंदाबाई म्हणाल्या.

"मंग मला काहून सांगितलं न्हाई कोणी?"

नंदाबाईंनी नुसता आरसा सरळ धरला. मौन धरलं होतं धाकट्या दिरानं, कल्याणनं. थोरल्या भावाच्या नावावर, आणि तेही फोनवर. काल संध्याकाळी धावड्याहून भिवामामांचा फोन आला होता. अण्णांच्या लेकीला, साधनाला, मागणी घातलेल्या रामकिसनचे हे मामा. मुलाला वडील नव्हते, म्हणून सोयरिकीचं सगळं तेच बघत होते. उद्या सुपारी फोडायला येतोच आहोत, म्हणाले, पण त्याआधी मुलीच्या बापाशी दोन शब्द बोलू द्या. कल्याणनं फोनवर तळवा ठेवून अंगणात नजर टाकली. अण्णा बाजेवर बसून रस्त्यानं चाललेल्या सरपंचांना सांगत होते, की तुमची चाल अलीकडं बदकासारखी झाली आहे, आणि हे तुम्हाला गावात कोणी सांगत नाही म्हणून मी सांगून राह्यलो. कल्याणनं तळवा काढला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, की दादा मौनात आहेत. जांबला जाऊन समर्थांच्या पायाशी धरलंय. पोरीची सुपारी फुटल्याशिवाय शब्द काढायचा नाही असं.

पलीकडं मग भिवामामांनी फोन बाजूला ठेवून हात जोडल्याचा आवाज आला. घनसावंगीपासून जांब किती जवळ आणि धावड्यापासून किती लांब, याचा हा फरक. जवळच्या माणसाला असलं खोटं पचलं नसतं.

खरं सांगायचं तर, आधीचं वर्ष असतं तर नंदाबाईंनी कल्याणला असल्या थापेबद्दल घरात उभं केलं नसतं. दीर-भावजयीचं सूत तसंही जुळलेलं नव्हतं. अण्णा दवाखान्यातून आले त्या आठवड्यातच कल्याण ओसरीवरच्या त्यांच्या खुर्चीत बसायला लागला होता. आधी टेकल्यासारखा, मग पाय पसरून. पण काल संध्याकाळी नंदाबाई त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "बराबर केलं भाऊजी." दैवशाला, कल्याणची बायको, पीठ मळत होती; तिचे हात परातीतच थांबले. नवऱ्याचं कुठलंही काम थोरल्या जावेला बराबर वाटल्याचं ती बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होती.

विरोधात गेली ती एकटी साधना. साधना घनसावंगीला औषधाच्या दुकानात बसायची. गोळी कडू असली तर कडू आहे म्हणून सांगायची आणि मग द्यायची. तिचं म्हणणं, पाव्हण्यांना खरं सांगून टाका. अण्णांच्या मेंदूला मार लागलाय, ते तोंडाला येईल ते बोलतात, एवढं एका वाक्यात सांगता येतं. ज्यांना चालंल ते बसतील, न्हाई चालणार ते चहा पिऊन जातील.

"सांगू की," नंदाबाई म्हणाल्या. "सुपारी फुटल्यावर सांगू."

"म्हणजे माल खपल्यावर."

"माय आहे मी तुझी. दुकानातलं बोलणं दुकानात ठेव."

पण साधनानं एक अट घातलीच. काही झालं तरी अण्णा बैठकीत बसतील. कल्याणचा बेत त्यांना सकाळी सकाळीच जांबला नेऊन देवळात बसवायचा होता, तो तिथं मोडला. बाप घरात नसला तर मीबी घरात नसंल, ती म्हणाली, आणि ते खरं होतं हे सगळ्यांना माहीत होतं.

आता या मार लागण्याचं सांगायला पाहिजे, कारण नंदाबाईंच्या भीतीचं मूळ मारात नव्हतंच. ते त्या मारानंतर जे काही झालं त्यात होतं.

कल्याणचा मुलगा हरिओम डीजे चालवायचा. पिकअप गाडी, तिच्यावर माणसाहून उंच स्पीकर, आणि वर दिव्यांच्या अक्षरांत नाव: ब्रेन डॅमेज. तालुक्यात कोणाच्या डीजेचं नाव भूकंप, कोणाचं तांडव. हरिओमला ती नावं मवाळ वाटली. अण्णांचा या प्रकाराला पहिल्यापासून विरोध. मागच्या वर्षी गावातल्याच एका वरातीत गाडी मारुतीच्या पारापाशी आली, म्हशी दावी तोडायला लागल्या, तेव्हा अण्णा रागारागानं निघाले. खालून ओरडून कोणाला ऐकू जाईना, म्हणून गाडीवर चढले. तिथूनही ऐकू जाईना, म्हणून स्पीकरवर चढले. वर उभं राहून, दोन्ही हात हवेत झटकत ते ओरडले, "बंद कर रे हरिओम." खालच्या पोरांना वाटलं, म्हातारं नाचून राह्यलं. त्यांनी शिट्ट्या मारल्या. पुढं शेळी आडवी आली, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, आणि अण्णा डोक्यावर पडले.

संभाजीनगरच्या दवाखान्यात एकोणीस दिवस. कवटी उघडून साकळलेलं रक्त काढलं. डॉक्टर नंदाबाईंना ब्रेन इंज्युरी म्हणजे काय ते समजावून सांगायला लागले, तेव्हा त्यांना ब्रेन हा शब्द ओळखीचा वाटला. गाडीवर वाचलेला होता. मार मेंदूच्या पुढच्या भागाला, डॉक्टर म्हणाले. बोलावं की गिळावं हे माणूस जिथं ठरवतो, तो भाग. अण्णा चालते झाले, जेवते झाले. वास तेवढा गेला. सकाळचं संध्याकाळी आठवेनासं झालं. आणि गिळणं संपलं. मनातलं सगळं बाहेर. पस्तीस वर्षांच्या संसारात ज्या माणसानं बायकोला "ऐकलं का" याच्यापलीकडं हाक मारली नव्हती, तो भर बाजारात "नंदा, तुला हे लुगडं भारी दिसून राह्यलं" म्हणायला लागला. नंदाबाई लाजेनं अर्ध्या झाल्या. लुगडं मात्र आठवड्यातून दोनदा नेसायला लागल्या.

जालन्याच्या अरुंधती मॅडम त्यांना बोलण्याचा व्यायाम शिकवत. त्यांनी युक्ती दिली होती: बोलण्याआधी अंगठ्यानं पाच बोटं मोजायची, आणि मग ठरवायचं. अण्णा मोजत इमानदारीनं. पाच झाले की जे बोलायचं होतं तेच बोलत.

हे सगळं नंदाबाईंनी सोसलं असतं. न सोसवणारी गोष्ट होती अकरा सेकंदांची. कोणीतरी मोबाईलवर तो पडण्याचा प्रसंग टिपला होता, आणि अण्णा दवाखान्यात डोळे मिटून पडलेले असताना तो जिल्हाभर फिरला. मग कोण्या शहाण्यानं त्यातला आवाज कापून गाण्यात घातला. "बंद कर रे हरिओम" असं अण्णा म्हणणार, क्षणभर सगळं थांबणार, आणि मग दुप्पट जोरानं वाजायला लागणार. त्या उन्हाळ्यात एक हळद त्याच्याशिवाय लागली नाही. ब्रेन डॅमेजला भोकरदनपर्यंतच्या तारखा आल्या. हरिओमनं ते गाणं स्वतः कधीच वाजवलं नाही, लोकांनी मागितलं तरी नाही. पण नंदाबाई चौदा महिने त्याच्याशी शब्द बोलल्या नव्हत्या. तो समोर आला की त्या दैवशालाला सांगायच्या, की तुझ्या पोराला सांग, ताट वाढलंय.

म्हणून त्यांना मौन बराबर वाटलं. पाहुणे हसले असते तर त्यांनी काय केलं असतं, हे त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

मौनाची सोय दैवशालानं केली. लिमलेटच्या गोळ्यांची पुडी आणली. तोंडात गोळी असली की अण्णा बोलत नसत, कारण बोललं की गोळी पडते, आणि गोळी त्यांना फार प्यारी. एक गोळी सात मिनिटं चालते, हे नंदाबाईंनी आधीच्या काही लग्नांत घड्याळ लावून बघून ठेवलं होतं. हरिओमची पिकअप गोठ्यामागं ताडपत्रीखाली गेली, आणि हरिओमही जवळपास तिच्याखालीच.

पाहुणे अकराला आले, जीप करून. भिवामामा, रामकिसनची आई चतुराबाई, आणि रामकिसन. भोकरदनला बी-बियाण्याचं दुकान चालवणारा, शिडशिडीत, इस्त्रीच्या शर्टात घामाघूम झालेला. नंदाबाईंना वाटलं होतं, नमस्कार-चमत्कार होतील, पाणी होईल. भिवामामांनी ओसरीवर पाय ठेवला, अण्णांना बघितलं, टोपी काढली, आणि सरळ लोटांगण घातलं.

अण्णांना हे अतिशय आवडलं. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेत त्यांनी भिवामामांच्या टकलावर हात फिरवला, नारळ बघून घ्यावा तसा. मग चतुराबाई पुढं झाल्या. बाई उंचनिंच, नवऱ्यामागं वीस एकर एकटीनं राखलेली, बोलणं मोजकं. त्या पाया पडल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, की घरी एक म्हैस आहे, दोन वर्षं गाभण राहत नाही. अण्णांनी मान हलवली. चतुराबाईंनी पुन्हा पाया पडून विचारलं, राहील म्हणता? अण्णांनी पुन्हा मान हलवली. त्या तिसऱ्यांदा पाया पडल्या. पडद्याआड साधनाचा खोकला ऐकू आला. नंदाबाईंना तो खोकला वाटला नाही.

पोहे आले. सगळं रेशमासारखं चाललं होतं. नंदाबाई अण्णांच्या खुर्चीमागं स्टुलावर, मुठीत चार गोळ्या, एक डोळा घड्याळावर. भिवामामांनी तिथीचा विषय काढला. आपण काय ठरवायचं, ते म्हणाले, घरात असं माणूस बसलेलं असताना. महाराज, लगीन कधी करावं? अण्णांना बोलायचं होतं हे नंदाबाईंना त्यांच्या मानेच्या शिरेवरून कळलं. अण्णांनी हात वर केला आणि शिकवल्याप्रमाणं, सावकाश, अंगठ्यानं पाच बोटं मोजली. तोंड उघडलं. नंदाबाईंनी मागून गोळी सारली.

"पाच," भिवामामा गंभीरपणे म्हणाले.

त्यावर बराच खल झाला. पाच महिन्यांनी की पाच तारखेला. शेवटी पाच मेवर सगळ्यांचं एकमत झालं. चतुराबाईंना या निर्णयाचा वेग फार पसंत पडला. त्या म्हणाल्या, आमच्याकडं एवढं ठरवायला बाप्ये तीन दिवस बसतात.

मग भिवामामांनी ताटातली सुपारी उचलली आणि चौरंगावर ठेवली. दैवशाला आतून बत्ता घेऊन आली. भिवामामांनी हात जोडून अण्णांकडं तोंड केलं, आणि वाट बघायला लागले.

कल्याणच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना नंदाबाईंनी बघितलं, आणि त्याच क्षणी त्यांनाही उमजलं. दोन्ही घरांत रीत अशी, की आधी मुलीच्या बापानं मोठ्यानं "दिली" म्हणायचं, मुलाकडच्या वडीलधाऱ्यानं "घेतली" म्हणायचं, आणि मग सुपारी फोडायची. आणि कल्याणनं मौन बांधलं होतं सुपारी फुटेपर्यंत. बोलल्याशिवाय सुपारी फुटणार नाही, आणि सुपारी फुटल्याशिवाय अण्णा बोलणार नाहीत. साऱ्या आयुष्यात शंभर सुपाऱ्या फोडलेल्या माणसानं ही चूक केली होती.

"मी म्हणतो की," कल्याण घाईनं म्हणाला. "भाऊच हाये मी."

भिवामामांना ते रुचलं नाही. बाप गेलेला असला तर चुलता म्हणतो, ते म्हणाले. बाप समोर बसलेला असताना चुलत्यानं म्हणणं बरं दिसत नाही, अपशकुनासारखं होतं. समर्थ एका शब्दाची सूट देतील. कल्याण म्हणाला, समर्थ बिलकुल देणार नाहीत. दोघांचं तोंडानं गोड आणि आतून ताठ असं थोडा वेळ चाललं. कल्याणला घाम फुटला होता, आणि घाम फुटलेला माणूस जे खरं वाटतं तेच बोलून जातो, त्याला मेंदूला मार लागावा लागत नाही.

"मामा, तसंबी घरचं सगळं मीच बघून राह्यलो," तो म्हणाला. "दादा बसलेले दिसून राह्यले तेवढंच. धरून चाला की ते न्हाईत."

दैवशालानं बत्ता खाली ठेवला. पडद्याआडचा खोकला थांबला. नंदाबाईंची मूठ उघडली, आणि उरलेल्या तीन गोळ्या फरशीवर घरंगळत गेल्या. काल बराबर वाटलेली थाप आता त्यांना स्वतःच्याच हाताची वाटायला लागली. न्हाईत म्हणून धरायला आधी आपणच सुरुवात केली होती. दिरानं फक्त पुढची पायरी घेतली. त्या उठल्या. काय बोलायचं ते अजून ठरायचं होतं.

तेवढ्यात रामकिसनचा फोन वाजला. जीपचा ड्रायव्हर विचारत असणार, थांबू की जाऊ. पण फोन कोणी केला, हा प्रश्नच राहिला नाही. इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून अण्णांचा आवाज आला, खणखणीत, चौदा महिन्यांपूर्वीचा: "बंद कर रे हरिओम." क्षणभर सगळं थांबलं. मग खिसा दुप्पट जोरानं वाजायला लागला.

रामकिसननं फोन काढताना पाडला, उचलला, पुन्हा पाडला. गोठ्यामागून हरिओम धावत आला, ढोल ऐकून वळू यावा तसा, आणि ओसरीच्या पायरीवर येऊन थिजला.

अण्णांनी तोंडातली गोळी काढून तळहातावर ठेवली.

"हा तर मी हाये," ते म्हणाले.

भिवामामांनी कानांना हात लावले. मौन सुटल्याचं पाप कोणाकडं जातं हे त्यांना ठाऊक नव्हतं. कल्याण काहीतरी बोलायला गेला, पण नंदाबाई त्याच्या आणि पाहुण्यांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मौनबिन काही न्हाई," त्या म्हणाल्या. "आम्ही खोटं बोललो. भाऊजी बोलले आन् मी बोलू दिलं. ह्यांच्या मेंदूला मार लागलाय. वास येत न्हाई. सकाळचं ध्यानात राहत न्हाई. मनात येईल ते तोंडातून पडतं, म्हणून गोळ्या चारून राह्यले मी सकाळपासून." त्या रामकिसनकडं वळल्या. आवाज चढला नव्हता, पण पोरगं भिंतीला टेकलं. "आन् तुमच्या खिशात हाये ना, तो ह्यांचा पडायच्या आधीचा शेवटचा आवाज हाये. त्याच्यानंतर एकोणीस दिवस ह्यांनी आवाज काढला न्हाई. तुम्ही नाचत होते त्याच्यावर. आम्ही दवाखान्याच्या जिन्यात बसून, ते कधी बोलतील म्हणून वाट बघत होतो."

रामकिसननं मान वर केली. तो म्हणाला, की फोन त्याचाच आहे, गाणंही त्यानंच लावलेलं आहे, आणि ते साधनाच्या वडिलांचं आहे हे त्याला माहीत नव्हतं. पण कोणाचं तरी असणार, हे मनात यायला पाहिजे होतं, ते आलं नाही. तो ते पुसून टाकायला लागला.

"काढू नको, काढू नको," अण्णा म्हणाले. "दाव इकडं."

त्यांनी जावयाच्या हातून फोन घेतला, होणाऱ्या की न होणाऱ्या ते अजून ठरायचं होतं, आणि त्याला पडण्याचा तो अकरा सेकंदांचा तुकडा शोधून लावायला सांगितलं. नंदाबाईंनी तोंड फिरवलं. हा तुकडा त्यांनी घरात कोणाला लावू दिला नव्हता. अण्णांनी तो डोळ्यांजवळ धरून बघितला. पुन्हा बघितला.

"नंदा, तू म्हणती मी नाचलो न्हाई. रागावलो होतो म्हणती."

"रागावलेच होते तुम्ही."

"मला तर काहीच याद न्हाई," अण्णा म्हणाले. "पण कंबर बघ. रागावलेल्या माणसाची कंबर अशी हालती का? मी नाचून राह्यलो बुवा. भारी नाचून राह्यलो." मग पायरीकडं बघून, "हरिओम, तू पाह्यलं का? किती उंचावर हाये मी."

हरिओमनं नुसती मान हलवली. नंदाबाईंनी त्याच्याकडं बघितलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर, फोनच्या उजेडात, नुसती मजा होती. अपमान त्या चौदा महिने एकट्याच वाहत होत्या. ज्याचा होता त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"हरिओम," त्या म्हणाल्या, "पाव्हण्यांसाठी पाणी आण. गार आण." हरिओम आत पळाला. आतून आधी घागर कलंडल्याचा आवाज आला.

आता सगळे चतुराबाईंकडं बघत होते. त्यांनी पदर सारखा केला.

"तीनदा पाया पडले मी," त्या म्हणाल्या.

भिवामामा टोपी डोक्यावर ठेवून उठायच्या बेतात होते. असल्या फसवणुकीच्या घरात भाची-भाचे देणंघेणं बरं नव्हे, असं काहीसं ते पुटपुटले. चतुराबाईंनी त्यांना हातानं बसवलं. आणि ते पाच, त्यांनी विचारलं, ती तारीख कुठून आली? नंदाबाईंनी खरं ते सांगितलं: बोलण्याआधी पाच मोजायला शिकवलंय. चतुराबाईंनी त्याचा विचार केला. म्हणाल्या, आमच्या घरात हे एकालाबी शिकवलेलं न्हाई. मग त्या अण्णांच्या समोर सरकल्या.

"पाव्हणं, तुमच्या मनातलं तोंडातून पडतं म्हणतात. मंग पडू द्या. माझं पोरगं कसंय?"

कल्याणनं डोळे मिटले. नंदाबाईंनी मिटले नाहीत. अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. ही सोयरीक आता कुठल्याही बाजूला पडू शकत होती, आणि तिला धरायला त्यांच्याकडं काही उरलं नव्हतं.

अण्णांनी पाच मोजले.

"पोरगं भित्रं हाये," ते म्हणाले. "मघापासून पोह्यातले शेंगदाणे बशीखाली लपवून राह्यलं. पण फोन वाजला तर माझा न्हाई म्हणलं न्हाई. चालंल. तुम्ही मायबाई लई कडक हायत. आमची साधनाबी कडक हाये. जमलं तर लई जमंल, न्हाई तर रोज पेटंल. मी येत जाईल बघायला."

भिवामामा श्वास रोखून बहिणीकडं बघत होते. चतुराबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा. त्यांनी भावाचा, घरच्यादारच्यांचा कोणाचाच सल्ला न घेता मुलाला विचारलं, तू काय म्हणतोस. रामकिसन पडद्याकडं बघून म्हणाला, त्यांना विचारा, मला आता विचारायला तोंड न्हाई. पडद्याआडून साधना म्हणाली, गाणं काढून टाकलं तरी चालंल, ठेवलं तरी चालंल, अण्णा म्हणतील तसं. पण शेंगदाणे काहून लपवले, ते मात्र मला कळलं पाहिजे.

"खवट होते," रामकिसन म्हणाला, आणि लगेच, "थोडे."

"मला वास येत न्हाई," अण्णा समाधानानं म्हणाले. "मी सगळे खाल्ले."

चतुराबाईंनी सुपारी चौरंगाच्या मधोमध सारखी केली. "ज्याचा शब्द आहे त्यानं द्यावा," त्या म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांनी कल्याणकडं बघितलंसुद्धा नाही. दैवशालानं बत्ता पुन्हा उचलला. नवऱ्याशेजारची जागा सोडून ती नंदाबाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. केव्हा, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

नंदाबाई अण्णांच्या कानाशी वाकल्या. "अहो, बोला," त्या म्हणाल्या. "तुमचंच हाये."

अण्णा खुर्चीत ताठ झाले. अंगठा करंगळीपासून निघाला आणि पाच बोटं फिरून आला. सगळी ओसरी त्यांच्यासोबत मोजत होती; भिवामामांचे ओठसुद्धा हलत होते.

"दिली," अण्णा म्हणाले. स्वच्छ, खणखणीत. नंदाबाईंचे डोळे भरून आले.

"आन् कल्याणची नवी मोटारसायकलबी दिली," अण्णा म्हणाले.

दसऱ्याला घेतलेली होती. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. कल्याणनं तोंड उघडलं, पण सुपारीवर उच्चारलेला शब्द मागं घेता येत नाही, हे त्या ओसरीवर त्याच्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं.

भिवामामांनी एका श्वासाचाही उशीर केला नाही. "घेतली," ते म्हणाले, दैवशालाच्या हातून बत्ता घेतला आणि सुपारी एका घावात फोडली.

यातली कोणती घेतली, हे चतुराबाईंनी भावाला दटावून विचारलं. भिवामामा म्हणाले, रीतीत एकदाच म्हणायचं असतं, फोड करून कोणी सांगत नाही. त्यावर पडद्याआडून साधनाचं हसू फुटलं, एवढं मोठं की गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. सुपारी फुटल्यावर मुलीनं असं हसायचं नसतं. नंदाबाई तिला दटावायला म्हणून तरातरा आत गेल्या, आणि दारात पोचेपर्यंत त्यांनाच हसू आवरेना. मायलेकी पिठाच्या डब्याला धरून बसल्या, आणि बराच वेळ बाहेर येऊ शकल्या नाहीत.

बाहेर ओसरीवर कचरूअण्णा पाहुण्यांना विचारून राह्यले होते, अजून कोणाला काही पायजे का.